जुन्या गाडीतील सुरक्षा पट्टा : दोष ओळखावा कसा, दूर करावा कसा



रिसोड, मालेगाव आणि मेहकर या तीन बाजारपेठांच्या मध्ये वसलेल्या केनवडसारख्या गावात मोटारगाडीकडे आज चैनीची वस्तू म्हणून कोणी पाहत नाही. सोयाबीनचा हंगाम आटोपला, तूर घरात आली आणि देणीघेणी भागवून हाती चार पैसे उरले, की अनेक घरांत जुनी गाडी घेण्याचा विचार सुरू होतो. नवी गाडी परवडत नाही, आणि गाडीवाचून तर अडते. रात्री-अपरात्री रुग्णाला वाशीमला न्यावयाचे असते, लेकीला बाळंतपणासाठी आणावयाचे असते, मुलाला परीक्षेच्या केंद्रावर पोचवावयाचे असते. एका घरची गाडी शेजारच्या चार घरांच्याही उपयोगी पडते. म्हणूनच ती घेताना घरातील जाणती माणसे आणि ओळखीचा मेकॅनिक असे सारेजण तिच्याभोवती फिरून तिची पारख करतात.

ही पारख कशाची होते? इंजिनाचा आवाज ऐकला जातो. टायरची झीज पाहिली जाते. एक लिटर पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते याची विचारपूस होते. रंग, काचा, सीट कव्हर यांवरून हात फिरतो. मात्र दाराच्या खांबाला लोंबणारा सुरक्षा पट्टा, ज्याला सर्वजण सीट बेल्ट म्हणतात, तो शेवटपर्यंत ओढून पाहणारा माणूस विरळाच. इंजिनात दोष असेल तर तो दोन दिवसांत कळतो. ब्रेकचा दोष पहिल्याच वळणावर जाणवतो. पट्ट्याचा दोष मात्र वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहतो आणि अपघाताच्या क्षणी प्रकट होतो. त्या वेळी दुरुस्तीला अवधी उरलेला नसतो. यास्तव हा दोष गाडी उभी असतानाच, सवडीने आणि शांतपणे शोधून काढला पाहिजे.

या बाबतीत शासकीय तपासणीवर विसंबून राहणेही योग्य ठरणार नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, आणि ती मुदत संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. मधल्या काळात गाडी दोन-तीन हातांतून गेली तरी तिच्या पट्ट्यांची परीक्षा होईलच असे नाही. मालकी बदलण्यासाठी भरावयाचे नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज कागदावरील नाव बदलतात. पट्ट्याची अवस्था ते सांगत नाहीत. ती पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

पट्टा नेमके काय करतो

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर किंवा उभ्या ट्रकवर आदळली तर आतील माणसास बसणारा हिसका सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका असतो. गाडी थांबते, परंतु आतील शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. गाडीचा पुढचा भाग चेपत जाऊन ती साधारण साठ सेंटिमीटर अंतरात थांबली असे धरले, तर साठ किलो वजनाच्या माणसाला धरून ठेवण्यास जवळजवळ दहा क्विंटल भाराइतके बळ लागते. मांडीवरील दहा किलोचे मूल त्या क्षणी दीड क्विंटलाहून अधिक भाराने हातांतून निसटते. कोणत्याही आईच्या हातांत, ती कितीही कष्टाळू असली तरी, एवढे बळ नसते. ‘घट्ट धरून बसते’ हा विश्वास म्हणूनच घातक आहे.

हे बळ शरीराच्या मजबूत भागांवर, म्हणजे कमरेच्या व छातीच्या हाडांवर विभागून घेण्याचे काम आज वापरात असलेला तीन बिंदूंचा पट्टा करतो. व्होल्वो या स्वीडिश कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी तो तयार केला आणि १९५९ मध्ये तो प्रथम मोटारीत बसविला गेला. विमानातून वैमानिकाला सुखरूप बाहेर फेकणाऱ्या आसनांवर बोलिन यांनी पूर्वी काम केले होते. या शोधाचे पेटंट असूनही कंपनीने त्याचा वापर इतर उत्पादकांना खुला केला. पुढे १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा बांधण्याची सक्ती केली, आणि हळूहळू इतर देशांनी ते धोरण स्वीकारले.

भारतात १९९४ पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांना पट्टे असणे बंधनकारक झाले. २००२ मध्ये हा नियम मागील आसनांनाही लागू झाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ नुसार चालकाने, पुढे बसलेल्या व्यक्तीने आणि मागील बाजूस समोर तोंड करून बसलेल्या व्यक्तींनीही पट्टा बांधावयाचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने कलम १९४-ख अन्वये पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने सुरक्षित न केल्यासही तेवढाच दंड आहे.

दंडापेक्षा मोठी किंमत कोणती, हे आकडेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते व त्यांचे सहप्रवासी मागील आसनांवर होते आणि पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे वाचले. गाडी महागडी होती. परंतु न बांधलेला पट्टा महागड्या गाडीतही कोणाला धरून ठेवत नाही.

पट्ट्याची रचना

दोष ओळखण्यासाठी रचना थोडी समजून घेणे इष्ट होय. दाराजवळच्या खांबाच्या तळाशी आवरणाआड एक गुंडाळी असते. तिला रिट्रॅक्टर म्हणतात. तिच्यातील चक्राकार स्प्रिंग पट्टा सतत आत ओढून घेते. तेथून पट्टा वर जातो, खांबावरील कडीतून खाली वळतो आणि त्याचे टोक आसनाच्या बाहेरच्या बाजूस बोल्टने पक्के केलेले असते. पट्ट्यावर सरकणारी धातूची जीभ आसनाच्या आतील बाजूच्या बकलात अडकते.

पट्टा हळू ओढला तर सैल सुटतो आणि एकदम ओढला तर घट्ट धरतो, याचे कारण त्या गुंडाळीत आहे. तिच्यात दोन प्रकारच्या पकडी असतात. एक पकड गाडीच्या हालचालीवर चालते. गाडीचा वेग अकस्मात कमी झाला किंवा गाडी फार कलली, की आतील लहानशी गोळी अथवा लंबक जागचा हलतो आणि दात्यांत अडसर घालतो. दुसरी पकड पट्टा किती वेगाने बाहेर पडतो यावर चालते. काही गाड्यांत याखेरीज प्रीटेन्शनर नावाची योजना असते. धडक होताच त्यातील बारीकशी दारू पेटते आणि पट्टा क्षणार्धात अंगालगत खेचला जातो. ही योजना एकदाच वापरता येते. ज्या गाडीत ती एकदा उडाली, त्या गाडीत ती बदललीच पाहिजे.

सौदा करण्यापूर्वी

केनवडमधील एखाद्या शेतकरी कुटुंबाने दहा वर्षे वापरलेली पाच आसनांची मोटार पाहिली आहे असे समजावे. मुलगा गाडी चालवणार, वडील त्याच्या शेजारी बसणार, मागे आजी, सून आणि दोन वर्षांचा नातू. इसार देण्यापूर्वी या कुटुंबाने अर्धा तास खर्च करून पुढील तपासणी करावी. तिला कोणतेही हत्यार लागत नाही.

प्रथम प्रत्येक पट्टा पूर्ण लांबीपर्यंत हळूहळू बाहेर ओढावा. नेहमी गुंडाळीत लपून राहणाऱ्या शेवटच्या भागातच गाडीचा पूर्वेतिहास दडलेला असतो. तेथे चिखलाची वाळलेली रेघ, बारीक गाळ किंवा गंजाचे डाग दिसले तर गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात बुडाली असल्याचा संशय घ्यावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला होता. अशा पुरांत वाहने पाण्याखाली जातात, आणि धुऊनपुसून त्यांतील काही पुढे विक्रीला येऊ शकतात. वाशीमच्या ‘एमएच ३७’ या क्रमांकाखेरीज दूरच्या जिल्ह्याची नोंदणी असलेल्या गाडीबाबत ही तपासणी अधिक काळजीने करावी.

त्यानंतर पट्ट्याची दोन्ही बाजूंनी पाहणी करावी. कडा विरलेल्या, धागे निघालेले, उन्हाने पांढुरकी झालेली वीण, सिगारेटने पडलेले भोक, दाराच्या फटीत सापडून पडलेली चीर, यांपैकी काहीही आढळल्यास तो पट्टा निकामी समजावा. पट्टा एखाद्या ठिकाणी ताणून लाटांसारखा झाला असेल, जिभेच्या प्लॅस्टिकवर घर्षणाने वितळल्यासारखे ओरखडे असतील किंवा मुद्दाम घातलेली दुमडीची शिवण उसवलेली असेल, तर त्या पट्ट्याने पूर्वी एका अपघातात भार झेललेला आहे. असा पट्टा दिसावयास ठीक असला तरी पुन्हा भरवशाचा नसतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ शिवलेल्या पट्टीवर बहुधा निर्मितीचा दिनांक असतो. तो गाडीच्या वर्षाशी ताडून पाहावा. एकच पट्टा फार नवा असेल तर तो का बदलला, हे विक्रेत्यास स्पष्टपणे विचारावे.

मग पट्टा सोडून द्यावा. तो स्वतःहून, सरळ आणि शेवटपर्यंत आत गेला पाहिजे. पुढे त्याला झटका देऊन ओढावा; तो जागच्या जागी धरला गेला पाहिजे. जीभ बकलात घालताच स्पष्ट ‘खट्’ असा आवाज यावा, जोराने ओढून ती सुटू नये, आणि तांबडे बटण दाबताच सहज बाहेर यावी. ही क्रिया प्रत्येक बकलावर पाच-सहा वेळा करून पाहावी. एकदा लागणारे आणि एकदा न लागणारे बकल हे न लागणारेच बकल होय.

शेवटी किल्ली फिरवून समोरच्या फलकाकडे लक्ष द्यावे. एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅगचे चिन्ह काही सेकंद उजळून विझले पाहिजे. ते जळतच राहिले तर एअरबॅग किंवा प्रीटेन्शनर यांच्या मंडलात दोष आहे. ते मुळीच उजळले नाही तर दोष लपविण्यासाठी दिवाच बंद केला असण्याची शक्यता असते, आणि ही गोष्ट जळत्या दिव्यापेक्षाही वाईट. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पुढील दोन्ही आसनांसाठी पट्ट्याची आठवण देणारा इशारा आवश्यक झाला. त्याआधीच्या अनेक गाड्यांत तो नसतो, आणि मागील आसनांसाठी तर सहसा नसतोच. म्हणून मागच्या पट्ट्यांची तपासणी हातानेच करावी लागते.

चार दोष, चार उपाय

या कुटुंबाला तपासणीत चार दोष आढळले असे मानावे. जुन्या गाड्यांत हेच दोष वारंवार दिसतात.

पहिला दोष वडिलांच्या पट्ट्याचा. तो बाहेर येतो, परंतु आत जात नाही. दारात सापडतो, मळतो. पुष्कळांना वाटते की स्प्रिंग गेली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष मळाचा असतो. घाम, तेल आणि रस्त्याची धूळ यांचा थर पट्ट्यावर व खांबावरील कडीत साचतो आणि पट्टा तेथे अडखळतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून तो परत आत जाऊ नये म्हणून गुंडाळीजवळ चिमट्याने धरून ठेवावा. कोमट पाणी व सौम्य साबण यांत भिजवलेल्या फडक्याने तो दोन्ही बाजूंनी पुसावा, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. ओला पट्टा गुंडाळीत जाऊ देऊ नये. आत बुरशी व गंज धरतो. कडीच्या आतील बाजूचा मळही त्याच फडक्याने काढावा. पट्ट्याला कोठे पीळ पडला असेल तर तो सोडवावा. एवढे करूनही पट्टा सुस्तच राहिला तर स्प्रिंग दुर्बल झाली आहे असे समजून संपूर्ण गुंडाळी बदलावी.

दुसरा दोष मुलाच्या, म्हणजे चालकाच्या पट्ट्याचा. तो बाहेरच येत नाही, धरून बसतो. अशा वेळी ओढाताण करू नये. आधी गाडी सपाट जागेवर आणावी, कारण उतारावर तिरप्या उभ्या गाडीत ही पकड आपोआप लागू शकते आणि तो दोष नव्हे. नंतर पट्टा थोडा आत जाऊ द्यावा आणि अगदी सावकाश ओढावा. तरीही सुटला नाही तर गुंडाळी तिरकी बसविलेली असणे, आवरण बसविताना पट्टा पिळणे किंवा प्रीटेन्शनर उडालेला असणे ही कारणे संभवतात. खांबाला पत्र्याचे काम होऊन रंग दिलेला असेल तर पहिल्या दोन कारणांचा संशय बळावतो. प्रीटेन्शनर उडाल्यावर पट्टा कायमचा जखडतो, आणि अशी गाडी अपघातग्रस्त होती याचा तो पुरावाच असतो.

तिसरा दोष बकलाचा. मागच्या आसनावर जेथे सून बसावयाची, तेथे जीभ आत जाते, परंतु खट् होत नाही. मागच्या बकलांत नाणी, गोळ्यांचे कागद, शेंगदाण्याची टरफले आणि मुलांच्या हातची कितीतरी वस्तुजात सापडते. बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. सैल वस्तू असेल तर ती प्लॅस्टिकच्या बारीक काडीने किंवा हवेच्या फुंकाराने काढावी. टायरच्या दुकानातील हवा त्यासाठी पुरेशी आहे. धातूचा खिळा अथवा स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू नये. तेल किंवा ग्रीस तर मुळीच घालू नये. त्यावर धूळ बसून आतील पकड अधिकच चिकटते. स्वच्छ करूनही आवाज आला नाही, किंवा बटण दाबल्यावर जीभ अडकून राहिली, तर बकल बदलणे हाच उपाय. बकल लागते परंतु इशाऱ्याचा दिवा विझत नाही, असे झाल्यास बकलातील लहानसा स्विच अथवा आसनाखालील तार सुटल्याचा संभव असतो. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

चौथा दोष खरे पाहता दोषच नव्हे, आणि तरीही तो सर्वांत अधिक आढळतो. आजीच्या आसनाला बकलच दिसत नाही! ते गाडीत असते. नव्या सीट कव्हरखाली गाडले गेलेले असते. कव्हर बसविणारा कारागीर बकल खाली दाबतो, मागील पट्टे आसनामागे ढकलले जातात, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांची कोणाला आठवणही होत नाही. कव्हर काढून बकले वर घ्यावीत आणि कव्हराला त्यांच्यासाठी नीट खाचा करून घ्याव्यात. या दुरुस्तीला खर्च जवळजवळ नाही. परंतु गाडीतील दोन-तीन जीव तिच्यावर अवलंबून असतात. मागे मोकळा बसलेला माणूस अपघातात पुढच्या आसनावर आदळतो. म्हणजे आजीचा पट्टा वडिलांचेही रक्षण करतो.

दुरुस्तीनंतर एक चाचणी आवश्यक आहे. मोकळ्या, निर्मनुष्य मैदानात गाडी ताशी सुमारे पंधरा किलोमीटर वेगाने न्यावी आणि जोराने ब्रेक लावावा. प्रत्येक पट्टा त्या क्षणी धरला गेला पाहिजे. बसणाऱ्यांनी हात समोर टेकून सावध बसावे आणि या चाचणीत मुलांना गाडीत घेऊ नये.

जे कटाक्षाने टाळावे

फाटलेला पट्टा चांभाराकडे किंवा शिंप्याकडे शिवून घेणे हा मोठा गैरसमज आहे. दहा क्विंटलांचा भार पेलणारी वीण हाताच्या टाक्यांनी परत येत नाही. पट्टा रंगविणे, ब्लीचिंग पावडरने किंवा पेट्रोलने धुणे यामुळेही धाग्यांचे बळ नष्ट होते. गुंडाळी उघडू नये. तिच्यातील ताणलेली स्प्रिंग उसळून डोळ्यास इजा करू शकते, आणि प्रीटेन्शनर असेल तर दारू पेटून गंभीर दुखापत होऊ शकते. अशा गाडीत गुंडाळी काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडून, निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून, प्रशिक्षित माणसानेच काम करावे. तारेला साधा दिवा लावून ‘करंट आहे का’ हे पाहण्याची सवय येथे प्राणघातक ठरू शकते.

भंगारातून काढलेला पट्टा स्वस्त मिळतो, परंतु ती गाडी भंगारात का गेली हे कोणी सांगत नाही. त्याच गाडीच्या प्रकारासाठी असलेला नवा पट्टा, बोल्टसह, अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळून घ्यावेत. पावतीवर बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्यावे.

इशाऱ्याचा आवाज बंद करण्यासाठी बकलात नुसतीच खोटी जीभ अडकविण्याची पद्धत सर्वांत अविचारी होय. अशा क्लिपांच्या विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री संस्थांविरुद्ध आदेश काढले, आणि या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. जुन्या गाडीत अशी क्लिप आढळली तर ती फेकून द्यावी, आणि त्या बकलाची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

नीट बांधलेला पट्टा

दोषरहित पट्टाही चुकीचा बांधला तर निरुपयोगी ठरतो. कमरेचा भाग पोटावर न ठेवता खाली, कमरेच्या हाडांवर असावा. तिरका भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. तो काखेखालून घेऊ नये, तसेच पाठीमागे टाकू नये. पीळ नसावा, जाड शाल किंवा पदराची घडी मध्ये येऊ देऊ नये. गरोदर स्त्रीने कमरेचा भाग पोटाच्या खाली आणि तिरका भाग पोटाच्या बाजूने, दोन स्तनांच्या मधून घ्यावा. पट्टा गर्भाला बाधतो ही समजूत निराधार आहे. आईचे रक्षण हेच बाळाचे रक्षण. एअरबॅग असली तरी पट्टा लागतोच, कारण ती पट्टा बांधलेल्या माणसाच्या मदतीसाठी योजलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पट्ट्यामुळे पुढे बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो.

लहान मुलाला मोठ्या माणसाच्या पट्ट्यात, त्याच्याबरोबर एकत्र बांधू नये. मोठ्याचे वजन मुलावर येते. दहा वर्षांपर्यंत किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत मुलांसाठीचे खास आसन वापरावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे आसन मागील बाजूस पट्ट्यानेच पक्के केले जाते. अर्थात मागचा पट्टा नादुरुस्त असेल तर नातवाचे आसनही मोकळेच राहील. पट्टा प्रथम, आसन नंतर, असा क्रम असावा.

जवळचा रस्ता

‘जवळच तर जावयाचे आहे’ असे म्हणून पट्टा सोडून दिला जातो. वाशीम जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी नागपूरपासून मुंबईजवळील आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. ५० च्या तुलनेत १२० च्या वेगाला धडकेचे बळ पाचपटीहून अधिक होते. म्हणून दूरच्या प्रवासाला निघताना माणूस आपोआप सावध होतो. परंतु वर सांगितलेले दहा क्विंटलांचे गणित ताशी ५० किलोमीटरचे आहे. हा वेग गावाजवळच्या साध्या रस्त्यावरचा, बाजाराला जाण्याचा, शाळेतून मुलांना आणण्याचा आहे. वळणावर आडवे येणारे जनावर किंवा रात्री दिव्याविना उभी असलेली ट्रॉली हे अंतर विचारत नाही.

त्या कुटुंबाचे पुढे काय व्हावे? वडिलांचा पट्टा साबणाच्या फडक्याने सुधारला. आजीचे बकल कव्हरातून वर आले. सुनेचे बकल आणि चालकाची गुंडाळी मात्र बदलावी लागणार. तो खर्च विक्रेत्याशी बोलून किमतीतून वळता करून घ्यावा, आणि पट्टे बसून चाचणी झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. चालकाच्या खांबाला पत्र्याचे काम झालेले असेल आणि विक्रेता त्याविषयी समाधानकारक उत्तर देत नसेल, तर ती गाडी सोडून देण्यात कमीपणा नाही. बाजारात दुसरी गाडी मिळते.

बंधुभगिनींनो, बैलगाडी जुंपण्यापूर्वी जू, जोते आणि सापत्या पाहूनच शेतकरी गाडीवर बसत असे. तुटकी सापती वाटेत दगा देते हे त्याला ठाऊक होते. तीच जुनी सवय मोटारीलाही लावावी. आज घरी गेल्यावर, ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनी मागचे दार उघडावे, कव्हराखाली हात घालावा आणि तेथील बकल शोधून वर काढावे. नंतर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तेथे बसवून ते स्वतःच्या हाताने लावावयास व सोडावयास शिकवावे. खट् असा आवाज आला म्हणजे तपासणीला सुरुवात झाली.